आयतीच्या क्रमांकासह: झाकीर नाईक यांची कारकीर्द आणि त्यांचे वादग्रस्त विचार

अंगात सूट, गळ्यात टाय, डोक्यावर पांढरी गोल टोपी आणि तोंडी अस्खलित नसले तरी न थांबणारे इंग्रजी. समोर हजारोंचा समुदाय, स्त्रियांची बसण्याची व्यवस्था वेगळी, आणि प्रश्न विचारणाऱ्यांसाठी जागोजागी उभे केलेले माइक. एखादा तरुण उठून विचारतो की, इस्लाम तलवारीच्या जोरावर पसरला हे खरे का? व्यासपीठावरचा माणूस हातात कागद न घेता उत्तर सुरू करतो. आधी सुरेचे, म्हणजे कुराणातल्या अध्यायाचे नाव, मग सुरेचा क्रमांक, मग आयतीचा, म्हणजे त्यातल्या वचनाचा क्रमांक, मग आयतीचा इंग्रजी अनुवाद. त्यामागोमाग बायबलमधले एखादे वचन अध्यायासकट आणि समोरचा हिंदू असेल तर वेदातील किंवा उपनिषदातील एखादी ओळ, तीही मंत्राच्या आकड्यासह. संदर्भांची ही सरबत्ती संपेपर्यंत मूळ प्रश्न काय होता, हे श्रोता बहुधा विसरलेला असतो आणि सभागृहात टाळ्या सुरू झालेल्या असतात.

डॉ. झाकीर नाईक यांच्या कोट्यवधी प्रेक्षकांनी त्यांना असेच पाहिले आहे. मराठी वाचकांपुढे मात्र ते बहुतेक वेळा बातमीतून आले: बंदी, पारपत्र, मनी लाँडरिंग, मलेशिया. त्या बातम्यांमागे एक कारकीर्द आहे, त्या कारकिर्दीमागे एक युक्तिवादाची पद्धत आहे, आणि माझ्या मते नाईक यांना समजून घ्यायचे तर त्या पद्धतीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यांची सर्वांत खटकणारी मते याच पद्धतीतून निघालेली आहेत.

डोंगरीतला डॉक्टर

नाईक यांचा जन्म 18 ऑक्टोबर 1965 रोजी मुंबईत झाला. कुटुंब कोकणी मुसलमानांचे. वडील डॉ. अब्दुल करीम नाईक मूळचे रत्नागिरीकडचे आणि मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ. मुलाने शाळा-कॉलेज मुंबईतच केले आणि पुढे टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालयातून एमबीबीएस पूर्ण केले. लहानपणी आपण बोलताना फार अडखळत असू, व्यासपीठावर बोलणे आपल्या स्वप्नातही नव्हते, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

मदरशाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. आलिम, म्हणजे धर्मपंडित, होण्यासाठी अरबी व्याकरण, हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची पारख, फिकह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागतो. नाईक त्या वाटेने गेले नाहीत आणि तसा दावाही ते करत नाहीत. ते स्वतःला तौलनिक धर्माचा विद्यार्थी म्हणवतात आणि आपल्या कामाला दावत, म्हणजे इस्लामकडे बोलावण्याचे काम, असे नाव देतात. हे काम करणाऱ्याला दाई म्हणतात. दाई आणि आलिम यांतला फरक ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढे मुस्लिम धर्मपंडितांशी त्यांचे जे खटके उडाले, त्यांतले बरेचसे या फरकावरूनच उडाले.

त्यांना ही वाट दाखवली अहमद दीदात यांनी. दीदात यांचा जन्म 1918 सालचा, सुरत जिल्ह्यातील तडकेश्वरचा. लहानपणीच ते वडिलांकडे दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे एका मिशनजवळच्या दुकानात काम करत असताना धर्मप्रचाराचे शिक्षण घेणारे ख्रिस्ती विद्यार्थी येऊन त्यांना इस्लामविषयी टोचणारे प्रश्न विचारत आणि त्यांच्यापाशी उत्तरे नसत. पुढे अडगळीत त्यांना रहमतुल्लाह कैरानवी यांचा एक ग्रंथ सापडला. हे कैरानवी म्हणजे 1854 साली आग्र्यात कार्ल फांडर या जर्मन मिशनऱ्याशी जाहीर वाद घालणारे मौलवी. अशा वादाला उर्दूत मुनाजरा म्हणतात.

मुनाजरा हा प्रकार मराठी माणसाला नवा वाटू नये. 1831 साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा वाद झाला होता. 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते. आपला धर्म सिद्ध करण्यासाठी समोरच्याचाच धर्मग्रंथ उघडून त्यातल्या विसंगती दाखवायच्या, हे तंत्र दोन्हीकडे तेच होते. कैरानवींपासून दीदात आणि दीदातांपासून नाईक अशी ही सरळ परंपरा आहे. दीदात यांची भाषणे व्हिडिओ कॅसेटवरून जगभर गेली, नाईक यांची आधी केबलवरून आणि मग उपग्रहावरून.

1987 मध्ये दीदात यांच्या सहवासाने भारावलेल्या नाईक यांनी 1991 साली मुंबईत इस्लामिक रिसर्च फाउंडेशन, म्हणजे आयआरएफ, ही संस्था काढली. तिचे कार्यालय डोंगरीत होते. माझगावात इस्लामिक इंटरनॅशनल स्कूल निघाले. 2000 साली शिकागोत विल्यम कॅम्पबेल या अमेरिकी डॉक्टरबरोबर कुराण, बायबल आणि विज्ञान या विषयावर त्यांचा जाहीर वाद झाला आणि त्याच्या ध्वनिचित्रफितींमुळे त्यांचे नाव भारताबाहेर पसरले. 2006 च्या जानेवारीत बंगळुरूत श्री श्री रविशंकर यांच्याबरोबर झालेला संवाद तर घरोघरी पाहिला गेला. रविशंकर सामंजस्याच्या सुरात बोलत होते. नाईक यांनी मात्र त्यांच्याच एका पुस्तिकेतील इस्लामविषयक विधाने एकेक करून खोडून काढली, तेव्हा ती पुस्तिका घाईत लिहिली गेल्याचे रविशंकर यांना मान्य करावे लागले. संवादाच्या नावाखाली झालेला तो मुनाजराच होता, आणि एका बाजूला तो मुनाजरा आहे याची कल्पनाच नव्हती.

त्याच वर्षी दुबईहून पीस टीव्ही सुरू झाला. 2009 मध्ये त्याची उर्दू आणि 2011 मध्ये बांगला वाहिनी आली. भारतात या वाहिनीला प्रक्षेपणाची परवानगी नव्हती, तरी कित्येक शहरांतले केबलवाले ती दाखवत असत. 2007 पासून शीवच्या सोमय्या मैदानावर पीस कॉन्फरन्स भरू लागली आणि दहा-दहा दिवस तिथे गर्दी लोटू लागली.

ही गर्दी कोणाची होती, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात इंग्रजी शिकलेला, नोकरी-धंद्यात असलेला, मौलवीच्या उर्दूपासून तुटलेला शहरी मुसलमान तरुण मोठ्या संख्येने होता. 1992-93 च्या दंगलींच्या आणि बॉम्बस्फोटांच्या छायेत तो वाढला होता. कॉलेजात, कचेरीत, लोकलच्या डब्यात त्याला आपल्या धर्माबद्दल प्रश्न विचारले जात आणि त्याला उत्तर सुचत नसे. अशा वेळी सुटाबुटातला एक डॉक्टर इंग्रजीतून, न अडखळता, संदर्भासह उत्तर देतो, हे पाहून त्याला जो आधार वाटला असेल, त्याची टिंगल करणे मला जमत नाही. नाईक यांनी एक खरी गरज ओळखली होती. ती त्यांनी कशाने भागवली, हा पुढचा प्रश्न.

पद्धत

नाईक यांचे एक आवडते अवतरण यजुर्वेदातले आहे, 32 व्या अध्यायातला तिसरा मंत्र: न तस्य प्रतिमा अस्ति. ते याचा अर्थ सांगतात की, ईश्वराची प्रतिमा नाही, म्हणजे मूर्ती नाही, म्हणजे वेदांतच मूर्तिपूजा निषिद्ध आहे. पण मंत्राचा पुढचा भाग आहे, यस्य नाम महद्यशः. ज्याचे नाम हेच थोर यश आहे, त्याला तोड नाही, त्याच्याशी तुलना करावी असे काही नाही, असा अर्थ परंपरेतील भाष्यकार घेतात, आणि ‘प्रतिमा’ हा शब्द उपमान या अर्थाने लावतात. नाईक यांचा अर्थ अगदीच हवेतला आहे असेही नाही. याच मंत्राचा आधार मूर्तिपूजेविरुद्ध स्वामी दयानंदांनीही घेतला होता. म्हणजे इथे अर्थाविषयी खरा, जुना मतभेद आहे. नाईक यांच्या व्यासपीठावर तो मतभेद दिसत नाही. तिथे दिसतो तो फक्त मंत्राचा क्रमांक.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, दुसऱ्या खंडाच्या आरंभी ‘एकमेवाद्वितीयम्’ हे शब्द येतात. ईश्वर एकच आहे, दुसरा नाही, म्हणजे हिंदू ग्रंथही तौहीदच, म्हणजे एकेश्वरवादच सांगतात, असे नाईक यांचे म्हणणे. आता हा सहावा अध्याय म्हणजे उद्दालक आरुणी आपल्या श्वेतकेतू या मुलाला जो उपदेश करतो तो. वडाचे फळ फोडायला सांगतो, त्यातली बी फोडायला सांगतो, आत काही दिसत नाही असे मुलगा म्हणतो तेव्हा त्या न दिसणाऱ्यातूनच हे एवढे झाड उभे आहे असे सांगतो. पाण्यात मीठ विरघळवतो. आणि पुन्हा पुन्हा एकाच वाक्यावर येतो: तत्त्वमसि, ते तूच आहेस. निर्माता आणि निर्मिती यांच्यामध्ये कधीही न बुजणारे अंतर मानणाऱ्या कोणत्याही मुसलमानाला, नाईक यांना तर मुळीच, हे वाक्य मान्य होणार नाही. पण ज्या अध्यायाचा प्राण ‘तत्त्वमसि’ आहे, त्यातले दोन शब्द तेवढे उचलायचे आणि बाकीचे तिथेच सोडायचे, असे त्यांनी केले आहे.

संदर्भ म्हणजे काय, हे नाईक यांना ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. कुराणातल्या नवव्या सुरेच्या पाचव्या आयतीत मूर्तिपूजकांना सापडतील तिथे मारा, असे शब्द आहेत आणि इस्लामचे टीकाकार ती आयत सतत पुढे करतात. त्यावर नाईक यांचे उत्तर ठरलेले असते, आणि ते उत्तर चांगले आहे. ही आज्ञा तह मोडणाऱ्या शत्रूविरुद्धच्या युद्धाच्या प्रसंगातली आहे, असे ते सांगतात. लगेचची सहावी आयत वाचा, त्यात आसरा मागणाऱ्या मूर्तिपूजकाला आसरा द्या आणि सुरक्षित जागी पोहोचवा असे म्हटले आहे, असे ते सांगतात. एका भारतीय टीकाकाराने पाचव्यावरून थेट सातव्या आयतीवर उडी मारली, हे ते श्रोत्यांना रंगवून सांगत असत. आपल्या ग्रंथाच्या बाबतीत एक आयत मागे-पुढे पाहा असा आग्रह धरणारा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथाच्या बाबतीत अर्धी ओळ पुरेशी मानतो, ही माझी त्यांच्याविषयीची सर्वांत गंभीर तक्रार आहे.

विज्ञानाच्या बाबतीतही हेच घडते. कुराणात आधुनिक विज्ञानाचे शोध आधीच सांगितले आहेत, हा युक्तिवाद मॉरिस ब्युकाय या फ्रेंच डॉक्टरने 1970 च्या दशकात लोकप्रिय केला आणि नाईक यांनी तो आपल्या भाषणांचा कणा बनवला. पण उत्क्रांतीचा सिद्धान्त हा निव्वळ अंदाज आहे असे सांगताना त्यांनी डार्विन ज्या बेटांवर गेला त्या गॅलापागोसचे नावही भलतेच सांगितले होते. त्याच काही मिनिटांत त्यांनी इतक्या चुका केल्या की जीवशास्त्र जाणणाऱ्यांनी त्यांची मोजदाद करणाऱ्या चित्रफिती काढल्या. सभागृहात मात्र कोणी हटकले नाही, कारण हटकायला लागणारा वेळ प्रश्नोत्तरांच्या त्या साच्यात नसतोच. विचारणाऱ्याला एक प्रश्न मिळतो, प्रतिप्रश्न मिळत नाही.

मते

नाईक यांचे सर्वांत गाजलेले वाक्य म्हणजे प्रत्येक मुसलमानाने दहशतवादी असले पाहिजे. पूर्ण संदर्भ असा: चोराला पोलिसाची दहशत वाटते, तशी समाजविघातक माणसाला मुसलमानाची दहशत वाटली पाहिजे. निरपराधांना मारणे इस्लामला मान्य नाही, हेही ते नेहमी सांगतात आणि त्यासाठी पाचव्या सुरेची 32 वी आयत देतात, जिच्यात एका निरपराधाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या मानली आहे. तेव्हा अर्धवट चित्रफीत दाखवून त्यांच्यावर टीका करणे हा अन्याय आहे, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण पूर्ण संदर्भ पाहूनही काही गोष्टी उरतातच. ओसामा बिन लादेनविषयी विचारले असता, तो इस्लामच्या शत्रूंशी लढत असेल आणि अमेरिकेला म्हणजेच दहशतवाद्याला दहशत घालत असेल तर आपण त्याच्या बाजूने आहोत, अशा अर्थाचे ते बोलले होते. लादेनला आपण ओळखत नाही, त्याच्या कृत्यांची खातरजमा केलेली नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडली. 11 सप्टेंबर 2001 चा हल्ला अमेरिकेच्याच आतल्या लोकांनी घडवला, असेही ते सांगत आले आहेत. हा ‘जर-तर’ ज्या तरुणाच्या कानावर पडतो, त्याला त्यातला ‘जर’ किती लक्षात राहत असेल?

इतर धर्मीयांच्या प्रार्थनास्थळांविषयीचा त्यांचा दाखला तर पद्धतीचा नमुनाच आहे. सौदी अरेबियात मंदिर किंवा चर्च का बांधू देत नाहीत, या प्रश्नावर ते प्रतिप्रश्न करतात. तुम्ही शाळेचे मुख्याध्यापक आहात, गणिताच्या शिक्षकाच्या जागेसाठी तीन उमेदवार आले. दोन अधिक दोन किती, असे विचारले. एक म्हणाला तीन, दुसरा चार, तिसरा सहा. तुम्ही कोणाला घ्याल? धर्माच्या बाबतीत आमचे उत्तर बरोबर आहे अशी आमची खात्री आहे, मग चुकीचे शिकवणाऱ्याला जागा का द्यावी? हा दाखला ऐकायला सोपा आहे. पण भारतात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत बहुसंख्याकांनी हाच हिशेब लावला असता तर नाईक यांची एक तरी परिषद भरली असती का, हा विचार त्या दाखल्यात कुठेही येत नाही. सोमय्या मैदान त्यांना मिळाले ते या देशाच्या राज्यघटनेने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य दिले आहे म्हणून.

इस्लाम सोडून त्याविरुद्ध प्रचार करणाऱ्याला इस्लामी राज्यात देहदंड असावा, हे मत ते राजद्रोहाच्या तुलनेने मांडतात. समलैंगिकतेविषयीही त्यांनी देहदंडाच्या शिक्षेचे समर्थन केले आहे. पत्नीला मारण्याविषयी चौथ्या सुरेतील 34 व्या आयतीचा ते जो अर्थ लावतात तो असा की, समजावणे आणि शय्या वेगळी करणे हे उपाय थकल्यावर हातरुमालाने किंवा दात घासण्याच्या काडीने मारावे तसे नावापुरते मारावे. किती हळू मारावे याची चर्चा ते मन लावून करतात. मारण्याचा अधिकार नवऱ्याला मुळात का असावा, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

बहुपत्नीत्वाचे समर्थन ते आकडेवारीने करतात: जगात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे, मग उरलेल्या स्त्रियांनी करायचे काय? वास्तविक जगाच्या लोकसंख्येत पुरुष किंचित जास्तच आहेत आणि भारतात 2011 च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे 943 स्त्रिया होत्या. भारतातली तफावत स्त्रीभ्रूणहत्येमुळे आहे असे ते सांगतात. आणि जिला नवरा मिळत नाही तिने विवाहित पुरुषाची दुसरी बायको व्हावे, नाहीतर ती सार्वजनिक मालमत्ता होईल, हे त्यांचे शब्द 2024 मध्ये पाकिस्तानातही पुन्हा उच्चारले गेले, तेव्हा तिथल्या स्त्रियांनीच त्यावर सर्वांत कठोर टीका केली. अविवाहित, परित्यक्ता, विधवा म्हणून स्वतःच्या कष्टावर ताठ मानेने जगणाऱ्या लाखो बायका आपल्या आसपास आहेत. त्यांना लावलेला हा शब्द कोणत्याही संदर्भात ठेवला तरी सुधारत नाही.

घरातला विरोध

नाईक विरुद्ध हिंदुत्ववादी असे चित्र आपल्याकडे रंगवले जाते, पण त्यांना सर्वांत जुना आणि जाणता विरोध झाला तो मुसलमानांकडूनच. नाईक स्वतःला कोणत्याही मसलकाचे, म्हणजे पंथशाखेचे, म्हणवत नाहीत, तरी त्यांची मते अहले हदीस आणि सलफी वळणाची आहेत. दर्ग्यावर नवस बोलणे, वली-अवलियांकडे मदत मागणे, पैगंबरांची जयंती साजरी करणे हे सर्व त्यांच्या दृष्टीने इस्लामबाह्य. बरेलवी मुसलमानांच्या श्रद्धेचा हा गाभाच असल्याने रझा अकादमीसारख्या मुंबईतल्या संघटना त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या.

2007 च्या सोमय्या मैदानावरील परिषदेत त्यांनी यझीदच्या नावापुढे ‘अल्लाह त्याच्यावर प्रसन्न होवो’ अशा अर्थाचे आदराचे शब्द उच्चारले, तेव्हा तर कहर झाला. यझीद म्हणजे तो खलिफा, ज्याच्या सैन्याने इसवी सन 680 मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांना त्यांच्या साथीदारांसह ठार केले. मोहरमचा सारा शोक त्या घटनेचा आहे. शिया तर सोडाच, बहुतांश सुन्नीही यझीदचे नाव आदराने घेत नाहीत. लखनौपासून मुंबईपर्यंत निषेध झाला. देवबंदच्या दारुल उलूममधूनही नाईक यांच्या धार्मिक निर्णयांवर विसंबू नये, अशा आशयाचे फतवे निघाले. ज्याने रीतसर इल्म, म्हणजे धर्मज्ञान, घेतलेले नाही त्याने फतव्याच्या सुरात बोलू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

मला इथे माहीमच्या मखदूम अली माहिमी यांची आठवण होते. तेही कोकणच्या मुसलमानांतलेच, चौदाव्या-पंधराव्या शतकातले, आणि कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे मोठे पंडित. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला संदल, म्हणजे चंदन अर्पण करण्याचा मान, मुंबई पोलिसांचा असतो. बँड वाजत असतो, वर्दीतला अधिकारी डोक्यावर संदल घेऊन चाललेला असतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिंदू-मुसलमान दोघेही उभे असतात. नाईक यांच्या मोजपट्टीत या दृश्याला जागा नाही. ज्या कोकणी मुसलमान समाजातून ते आले, त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालीरीतींवरही त्यांच्या प्रचाराने ‘हे इस्लाममध्ये बसत नाही’ असा शेरा मारला.

ढाका आणि त्यानंतर

परदेशातल्या अडचणी आधीच सुरू झाल्या होत्या. 2010 मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी नाईक यांना देशात यायला मनाई केली आणि तिथल्या न्यायालयांनी ती कायम ठेवली. कॅनडानेही दार बंद केले. मुस्लिम देशांत मात्र मानसन्मान वाढत गेला. 2015 साली त्यांना सौदी अरेबियाचा किंग फैसल पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार 1986 मध्ये दीदात यांना मिळाला होता.

1 जुलै 2016 च्या रात्री ढाक्यातील होली आर्टिझन बेकरीवर हल्ला झाला. 20 ओलीस आणि 2 पोलीस अधिकारी मारले गेले. हल्लेखोरांपैकी एकाने समाजमाध्यमावर नाईक यांचा हवाला दिला होता, अशी बातमी आली. ज्या दैनिकात ती आली, त्याने पुढे स्पष्ट केले की नाईक यांनी हल्ल्याची चिथावणी दिली असे आपण म्हटलेले नाही. तोवर बांगलादेशाने पीस टीव्ही बंद केला होता आणि महाराष्ट्र सरकारने नाईक यांच्या भाषणांच्या चौकशीचा आदेश दिला होता. नाईक तेव्हा सौदी अरेबियात होते. तिथूनच त्यांनी व्हिडिओद्वारे पत्रकारांना उत्तरे दिली, दहशतवादाचा निषेध केला, पण आत्मघाती हल्ला युद्धनीती म्हणून चालू शकतो असे काही पंडित मानतात, असेही सांगून टाकले. ते भारतात परतले नाहीत. ऑक्टोबरअखेर वडील मुंबईत वारले, तेव्हाही ते आले नाहीत.

नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायद्याखाली आयआरएफवर पाच वर्षांची बंदी घातली आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने गुन्हा नोंदवला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 मध्ये संस्थेची याचिका फेटाळली. त्याच वर्षी पारपत्र रद्द झाले आणि आरोपपत्र दाखल झाले. सक्तवसुली संचालनालयाने 2019 च्या आरोपपत्रात 193 कोटी रुपयांच्या काळ्या व्यवहाराचा आरोप ठेवला. 2021 मध्ये संस्थेवरील बंदी आणखी पाच वर्षांनी वाढली.

ही एक बाजू. दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. इंटरपोलने 2017 मध्ये त्यांच्याविरुद्ध रेड कॉर्नर नोटीस काढायला नकार दिला. 2018 मध्ये मनी लाँडरिंग प्रकरणांच्या अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी ईडीला विचारले की, दहा हजार कोटींहून जास्त मालमत्ता आणि फौजदारी गुन्हे असलेल्या दहा बाबांची नावे मी देऊ शकतो, त्यांच्यापैकी एकावर तरी तुम्ही कारवाई केलीत का? नाईक यांच्यावरचे आरोप न्यायालयात सिद्ध झालेले नाहीत, कारण ते खटल्याला सामोरे गेलेले नाहीत. एखादे मत संतापजनक असणे, ते दोन समाजांत वैर वाढवणारे असणे आणि त्यातून प्रत्यक्ष हिंसेला मदत होणे, या कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला लागणारा पुरावा वेगळा आहे. ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण नियामकाने यातली दुसरी गोष्ट तपासली. समलैंगिकांविषयीचा द्वेषपूर्ण मजकूर आणि जादूटोणा करणाऱ्यांना ठार मारण्याचे समर्थन प्रसारित केल्याबद्दल 2020 मध्ये पीस टीव्हीच्या दोन वाहिन्यांच्या परवानाधारक कंपन्यांना मिळून 3 लाख पौंडांचा दंड झाला. कोणत्या कार्यक्रमातले कोणते वाक्य नियमभंग करते, हे त्या निर्णयात दाखवलेले आहे. मला ही रीत अधिक पटते.

नाईक मलेशियात राहतात. तिथला कायम निवासाचा परवाना त्यांच्याकडे आहे आणि भारताची प्रत्यार्पणाची मागणी तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी मान्य केली नव्हती. ऑगस्ट 2019 मध्ये मात्र केलांतान राज्यातील कोटा भारू इथल्या भाषणात नाईक म्हणाले की, मलेशियातल्या हिंदूंना भारतातल्या मुसलमानांपेक्षा शंभरपट हक्क आहेत, तरी त्यांची निष्ठा महाथीर यांच्यापेक्षा मोदींवर जास्त आहे. आपल्याला परत पाठवा म्हणणाऱ्यांना उत्तर देताना, आधी जुने पाहुणे असलेल्या चिनी लोकांना परत पाठवा, असेही ते बोलले. पिढ्यान्‌पिढ्या मलेशियात राहून तिथले रबराचे मळे आणि रेल्वे उभी करणाऱ्या तमिळ मजुरांच्या वंशजांना कालपरवा आलेला पाहुणा निष्ठा विचारतो, याने मोठा क्षोभ उसळला. पोलिसांनी तासन्‌तास चौकशी केली, जाहीर भाषणांवर बंदी घातली, महाथीर यांनीही मर्यादा ओलांडल्याचे सुनावले आणि नाईक यांनी माफी मागितली. न्यायालयात मात्र त्यांना यशही मिळाले. 2023 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बदनामीच्या दाव्यात पिनांगचे माजी उपमुख्यमंत्री पी. रामासामी यांना सुमारे 15 लाख 20 हजार रिंगिट भरपाई देण्याचा आदेश दिला.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते सरकारी पाहुणे म्हणून पाकिस्तानात गेले. अनाथाश्रमाच्या एका कार्यक्रमात मुलींना स्मृतिचिन्ह देण्याची वेळ आली तेव्हा त्या परक्या स्त्रिया आहेत असे म्हणून ते व्यासपीठावरून निघून गेले. कराचीतील कार्यक्रमात एक पश्तून तरुणी माइकपाशी आली. आमच्या भागातला समाज अत्यंत धार्मिक आहे, बायका गरजेशिवाय घराबाहेर पडत नाहीत, तबलीगचे इज्तिमे, म्हणजे धर्मप्रचाराचे मेळावे, होतात, तरी व्यभिचार, अमली पदार्थ, सावकारी आणि लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार खोलवर रुजले आहेत, मग आमचे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, याविषयी का बोलत नाहीत, असे तिने विचारले. नाईक म्हणाले की प्रश्नातच विरोधाभास आहे. समाज इस्लामी असेल तर तिथे मुलांवर अत्याचार होणार नाहीत, आणि होत असतील तर तो समाज इस्लामी नाही. इस्लामवर खोटा आरोप केल्याबद्दल तिने माफी मागावी, असे त्यांनी तिला सांगितले. ती आणखी काही बोलू पाहत होती. आधी माफी माग, असे त्यांनी पुन्हा बजावले.